तासभर धरून ठेवायचं औषध

साइटवर त्याला सगळे घार म्हणत. नाकावरून नाही की डोळ्यांवरून नाही. दिवसभर वर असतो म्हणून घार. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसून खालची लोखंडाची मोळी उचलायची आणि चढत्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर अलगद उतरवायची, हे त्याचं काम. एकदा चढला की दुपारी जेवायलाही उतरत नसे. डबा दोरीने वर जायचा. माणूस भला, पण त्याला एका गोष्टीचा भलताच गर्व होता, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. त्याला लघवी धरून ठेवता यायची. बाकीचे ऑपरेटर दोन घोट पाणी प्यायले की शिडीकडे बघायला लागत. हा सकाळी चढायचा तो पाळी संपल्यावरच उतरायचा. "माझं मूत्राशय म्हणजे धरण आहे धरण," असं तो छाती काढून सांगायचा. बायको कपाळाला हात लावायची. "फुशारकी मारायला दुसरं काही सापडलं नाही का हो तुम्हाला?"

खरं तर त्या धरणाला एक चोरवाट होती. केबिनच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे. अगदीच गळ्याशी आलं की त्यात. डबा होता रेड ऑक्साइडचा, म्हणजे लोखंड गंजू नये म्हणून क्रेनला जो तांबडा रंग मारतात त्याचा. तळाला आणि कडेला रंग वाळून बसलेला. त्यात काहीही ओतलं तरी तांबूसच दिसायचं. त्यामुळे कित्येक महिने त्यात तांबूस पाणी दिसलं तरी घारीने मनाला लावून घेतलं नाही. रंग सुटतोय, दुसरं काय. भर पावसात लोखंडावरून न उतरणारा रंग या डब्यात मात्र रोज कसा उतरतो, हा प्रश्न त्याला पडला नाही. क्रेनचा एखादा बोल्ट जरा वेगळा वाजला तर दहा जणांना हाक मारणारा हा माणूस. पण स्वतःच्या अंगाच्या बाबतीत आपण सगळेच मठ्ठ असतो. घरी कधी लाल दिसायचं, कधी नाही. दिसलं त्या दिवशी त्याने पाण्याच्या टाकीतल्या गंजावर ढकललं.

क्रेन ऑपरेटरची दरवर्षी तपासणी होते. त्या वर्षी दवाखान्यात त्याच्या हातात पारदर्शक प्लॅस्टिकचा कप दिला. कप भरला आणि घार त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने तो उचलून खालून पाहिला, बुडाला कुठे गंज लागलाय का म्हणून. प्लॅस्टिकला गंज! हे तो पुढे स्वतःच सांगायचा आणि हसायचा, पण त्या क्षणी त्याला हसू आलं नाही. भिंतीला हात लावून तो तिथेच उभा राहिला.

दुर्बीण घालून पाहिलं, आतून खरवडून तुकडे काढले, तपासले. कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, "रोग मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात आहे. खालच्या स्नायूपर्यंत गेलेला नाही. ही चांगली गोष्ट आहे." बायको कपडे अल्टर करून द्यायचं दुकान चालवायची. अस्तर म्हटल्यावर तिला लगेच कळलं. वरचं कापड शाबूत आहे, अस्तर सडलंय. तिने तेवढ्यावर जीव टांगला.

पहिला उपचार झाला तो ऐकायलाच चमत्कारिक होता. लहान बाळांना क्षयाची लस टोचतात ना, तिच्यातलेच दुबळे केलेले जंतू नळीने मूत्राशयात सोडायचे. शरीर त्या जंतूंवर खवळून उठतं आणि त्या धामधुमीत रोगालाही झोडपतं. आठवड्यामागून आठवडे ते झालं. मूत्राशयाची नुसती आग. ज्याला धरण म्हणायचं ते आता अर्धा अर्धा तासही दम धरेना. सुपरवायझरने त्याला खाली सामान मोजायच्या कामावर लावलं. घार जमिनीवर चालायला लागला, आणि वर तिसराच कोणी बसून मोळ्या आपटायला लागला. ते आवाज ऐकून याचा जीव तिळतिळ तुटायचा. आणि एवढं सगळं सोसून पुन्हा दुर्बीण घातली, तर रोग होता तिथेच.

आता डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "खात्रीचा मार्ग म्हणजे मूत्राशय काढून टाकणं. लघवीसाठी पोटावर नवं तोंड करायचं, त्याला बाहेरून पिशवी लावायची. माणसं तशी वर्षानुवर्षं नीट जगतात, कामंही करतात."

"आणि दुसरा?" घारीने विचारलं. पिशवी या शब्दानंतरचं त्याने काही ऐकलंच नव्हतं.

"दुसरा मार्ग जनुकीय उपचारांचा. सर्दी करणाऱ्या विषाणूच्या जातीतला एक विषाणू असतो. त्याची वाढायची ताकद काढून घेतलेली असते. त्याच्या पोटात एक जनुक भरतात. जनुक म्हणजे पेशीला काय बनवायचं ते सांगणारी सूचना. हे औषध मूत्राशयात भरलं की विषाणू अस्तराच्या पेशींत शिरतो आणि सूचना तिथे ठेवतो. मग त्या पेशी स्वतःच इंटरफेरॉन नावाचं प्रथिन बनवायला लागतात. ते रोगाशी लढतं. दर तीन महिन्यांनी एकदा भरायचं."

"म्हणजे काट्याने काटा काढायचा," बायको म्हणाली.

"तसं म्हणा. पण ऐकून घ्या. साधारण निम्म्या लोकांत तीन महिन्यांनी रोग दिसेनासा होतो. त्यातल्याही निम्म्यांतच तो वर्षभर लांब राहतो. बाकीच्यांना उपयोग होत नाही. आणि या वाट बघण्यात रोग स्नायूत शिरला, तर नंतर मूत्राशय काढूनही उशीर झालेला असू शकतो."

घरी आल्यावर जे झालं त्याला भांडण म्हणायचं की रडणं, ते ठरवणं अवघड आहे. बायकोचं म्हणणं सरळ होतं. मूत्राशय गेलं तर गेलं, माणूस राहायला हवा. घारीचं म्हणणं असं की क्रेनवर चढताना जो सुरक्षेचा पट्टा बांधतात तो नेमका तिथेच येतो, पिशवी असेल तर आपल्याला कोणी वर सोडणार नाही. हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. ज्या गोष्टीचा आयुष्यभर तोरा मिरवला तीच कापून टाकायची आणि वर पोटाला पिशवी लटकवून हिंडायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. मेहुणा मध्यस्थी करायला आला आणि त्याने आगीत तेल ओतलं. "भाऊजी, विषाणू अंगात जाऊ नये म्हणून लोक वीस वेळा हात धुतात. तुम्ही तो हौसेने भरून घेणार?"

"तू तुझं बघ," घार म्हणाला. "सर्दी झाली की आठवडाभर अंथरुणात असतोस."

शेवटी बायकोनेच हार मानली. पण अशी बाई फुकट हार मानत नाही. "एकदाच," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी आत तसूभर जरी काही दिसलं, तरी एक अक्षर न बोलता काढून टाकायचं. आधी माझ्याकडे बघा आणि हो म्हणा."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि हो म्हटलं.

औषधाच्या दिवशी बाहेर बाकावर एक निवृत्त बसकंडक्टर बाई भेटल्या. त्यांना हाच उपचार चालू होता आणि वर्ष उलटलं तरी रोगाचा मागमूस नव्हता. "घाबरायचं काही नाही," त्या म्हणाल्या. "तासभर आत ठेवायचं, एवढंच कठीण. मी तर गोळी घेऊनही घड्याळाला शिव्या घालत होते." घारीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुनं हसू आलं. तासभर! या बाई कोणाला तासाचं सांगत होत्या?

आणि तिथेच त्याने घोडचूक केली. सिस्टर पेल्यात पाणी आणि गोळी घेऊन आल्या. मूत्राशयाला कळा येऊ नयेत म्हणून ती द्यायची होती.

"नको," घार म्हणाला. "क्रेनवाला आहे मी, सिस्टर. आख्खी पाळी धरून बसतो."

"काका, तुमचा धंदा काय हे तुमच्या मूत्राशयाला माहीत नाही. घ्या."

"ठेवा तिकडे. लागली तर घेईन."

सिस्टरनी बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळे फिरवले. या माणसाशी सकाळपासून तिचं तीन वेळा वाजलं होतं. गोळी टेबलावर राहिली. गोठवलेलं औषध सकाळीच बाहेर काढून वितळवलं होतं. सिस्टरनी हातमोजे चढवले, नळी घातली, औषध आत सोडलं आणि नळी काढून घेतली. मग बजावलं, "दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची, म्हणजे औषध सगळ्या बाजूंना लागेल. आधी पाठीवर, मग डावी कूस, मग उजवी, शेवटी पोटावर. आणि एक थेंब जरी बाहेर आला तरी लगेच मला सांगायचं. विषाणू आहे त्यात, आम्ही जंतुनाशक घालून पुसतो. कोणी उघड्या हाताने शिवायचं नाही."

पाठीवर असताना काही वाटलं नाही. डाव्या कुशीवर त्याने बायकोला साइटवरची एक गोष्ट सांगायला घेतली आणि ती अर्धवट सोडली. उजव्या कुशीवर त्याच्या कपाळावर घाम आला. लसीने भाजून निघालेलं ते मूत्राशय आतून पिळवटायला लागलं. कळ यायची, ओसरायची, आणि ओसरते न ओसरते तोच पुढची. पूर्वी धरून ठेवायचा तेव्हा तो आणि मूत्राशय एका बाजूला असत. आज ते उलटलं होतं.

"गोळी देऊ का?" बायकोने विचारलं.

"आता काय उपयोग? बोलू नकोस माझ्याशी."

तिने त्याच्या पायावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. तो काटा आज कोणाच्या तरी मयताला निघाल्यासारखा चालत होता. शेवटी पोटावर वळायची वेळ आली. घार वळला, सगळं वजन खाली आलं आणि तेवढ्यात आजवरची सगळ्यात मोठी कळ आली. त्याने दात आवळले, मुठी आवळल्या, श्वास धरला. मांडीला ऊब लागली. किती गेलं? घोटभर की पेलाभर? त्याला कळलं नाही. त्याने पुन्हा आवळून धरलं, आणि उशीत तोंड खुपसून तो गप्प पडून राहिला.

सांगायचं होतं. सिस्टरनी मघाशीच सांगितलं होतं. पण सांगितलं की सिस्टर टेबलावरच्या गोळीकडे बघणार, आणि बायको त्याच्याकडे. धरणाच्या मालकाने अंथरूण ओलं केलं, हे दोघींसमोर कबूल करायचं? त्याने ताकास तूर लागू दिली नाही. तास संपेपर्यंत तो मूग गिळून पडून राहिला, आणि उरलेलं मात्र त्याने खरोखर जिवाच्या कराराने धरलं.

"झाला तास," सिस्टर दारातून म्हणाल्या. "काका, आता जाऊन या. भांड्यात ब्लीच ओता, अर्धा तास तसंच ठेवा, मग पाणी सोडा. घरीही दोन दिवस असंच करायचं." आणि त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

घार उठला. उठताना त्याने पांघरूण ओल्या जागेवर ओढलं आणि लगबगीने निघाला. आता बायकोची एक खोड होती. कापड चुरगळलेलं दिसलं की तिचे हात आपोआप पुढे व्हायचे. दिवसभर तेच काम. संडासाच्या दारात घारीने सहज मागे पाहिलं. बायकोने पांघरूण उचललं होतं आणि आता ती चादर सरळ करायला वाकत होती.

"थांब!"

साइटवर टांगती मोळी हलायला लागली की तो असा ओरडायचा. बायको जागच्या जागी थिजली. बाहेरची दोन माणसंही थांबली.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "सांडलंय तिथे."

"केव्हा?"

"पोटावर वळलो तेव्हा."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. सिस्टर धावत आल्या, त्यांनी तिला मागे सारलं, हातमोजे घालून चादर आणि पांघरूण पिशवीत बांधलं, गादी पुसली. रागावल्या नाहीत. डॉक्टरीणबाईही आल्या. औषध लगेच पुन्हा भरता येत नाही म्हणाल्या. बराच वेळ आणि बरंचसं आत होतं, आता तीन महिन्यांनी बघू.

ते तीन महिने त्या घरात कसे गेले ते विचारू नये. पहिले दोन दिवस ब्लीचच्या वासाने डोळे चुरचुरत होते. मेहुण्याने येणं बंद केलं आणि फोनवरून चौकशी चालू केली, "आम्हाला काही नाही ना होणार?" त्यावर बायकोने दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. घार रोज सकाळी काचेच्या बरणीत लघवी धरून खिडकीच्या उजेडात बघायचा. ती स्वच्छ असायची. तरी जिवात जीव येत नव्हता, कारण हा रोग लाल रंग दाखवल्याशिवायही आत बसून राहू शकतो, हे त्याला आता कळलेलं होतं. दोघं सगळ्या विषयांवर बोलायची, फक्त त्या चादरीवर नाही. एकदाच, शिवणयंत्रावर वाकलेली असताना, वर न बघता ती म्हणाली, "एक गोळी. एवढीशी गोळी होती."

"हो," तो म्हणाला.

तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण झाली, तुकडे तपासायला गेले. निकालाच्या दिवशी त्याने बायकोला बाहेर बसवलं. जे असेल ते आपण आधी ऐकावं, मग तिला सांगावं, असं त्याला वाटलं. डॉक्टरीणबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

"रोग आहे. अजून अस्तरातच आहे, स्नायूत गेलेला नाही. पण आहे."

घारीने तो प्रश्न विचारला जो तीन महिने त्याच्या छातीवर बसून होता. "ते सांडलं म्हणून झालं का, डॉक्टर?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. पूर्ण तास नीट ठेवूनही निम्म्यांना उपयोग होत नाही. तुम्ही त्यातले असता की नसता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही."

हो म्हणाल्या असत्या तर त्याने स्वतःला शिव्या घातल्या असत्या. नाही म्हणाल्या असत्या तर तो सुटला असता. हे मधलंच त्याच्या वाट्याला आलं, आणि ते जन्मभर राहणार होतं. आणखी एक डोस मागावा असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. ते त्याने गिळलं आणि तो बाहेर आला.

बायको उठून उभी राहिली. तिला त्याच्या चालण्यावरूनच कळलं होतं.

"काढून टाकायचं," तो म्हणाला.

आता ती सुटकेचा श्वास सोडेल, असं त्याला वाटलं. पहिल्या दिवसापासून हेच तर ती सांगत होती. पण तिने त्याची बाही धरली. "अजून एकदा विचारा ना त्यांना," ती म्हणाली. "एकच डोस. या वेळी गोळी घ्या. मी सगळा वेळ हात धरून बसते. विचारा ना."

तेव्हा घारीच्या लक्षात आलं की या तीन महिन्यांत त्याच्यापेक्षा जास्त आशा तिने धरली होती. मनातून तिला त्याचं मूत्राशय, त्याची क्रेन, त्याचा तो वेडा तोरा, सगळं शाबूत हवं होतं. तिने ते एकदाही त्याला दाखवलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "अजून अस्तरातच आहे. पुढे शिरायच्या आत काढू. तुला शब्द दिलाय मी." आणि मग, बाकावरची माणसं ऐकत असतानाही, तो म्हणाला, "मला फार भीती वाटतेय. तारीख घ्यायला तू आत चल."

तिने रुमालाने तोंड पुसलं, पर्स खांद्याला लावली आणि त्याच्या पुढे आत गेली. खुर्चीत बसायच्या आधीच तिने विचारलं, "डॉक्टर, हे त्यांच्यामुळे झालं नाही, असं तुम्ही एकदा म्हणाल का? त्यांना ऐकू जाईल असं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मी तसं म्हणू शकत नाही. झालं असंही म्हणू शकत नाही."

"मग मी म्हणते," बायको म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "तुमच्यामुळे झालं नाही." मग ती खुर्चीत बसली. "आता तारीख सांगा."